उसातला बिबट्या आणि पडद्यावरचा

‘दिल्ली सफारी’ १९ ऑक्टोबर २०१२ला देशभर लागला तेव्हा सुरतेत घट बसलेले होते. नवरात्रात या शहराची संध्याकाळ गरब्याच्या मैदानावर जाते. थिएटरची आठवण तेव्हा कुणाला होत नाही. त्यातून त्याच शुक्रवारी करण जोहरचा ‘स्टुडंट ऑफ द इयर’ही आला होता. बिबट्याच्या एका पिल्लाची गोष्ट सांगणारा, पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सनं काढलेला, निखिल अडवाणीनं दिग्दर्शित केलेला हा ॲनिमेशनपट सुरतेतच काय, कुठेच फार चालला नाही. पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इंग्रजी आवाज चढवून तो अमेरिकेतही दाखवला गेला, पण तिथल्या समीक्षकांनी त्याला फारशी दाद दिली नाही.

इतक्या वर्षांनी तो उकरून काढतोय ते त्याच्या स्वागतापायी. प्राण्यांवरचा कौटुंबिक सिनेमा आला की आपण त्याच्याबद्दल काय बोलतो आणि काय बोलायचं राहून जातं, याचा हा चांगला नमुना आहे. आणि सुरत जिल्ह्यात बसून पाहिलं, तर त्या राहून गेलेल्या बोलण्याची झळ कुणाला लागते तेही दिसतं.

गोष्ट थोडक्यात अशी. मुंबईला लागून असलेल्या बोरिवलीच्या जंगलात बुलडोझर घुसतात. सुलतान नावाचा बिबट्या आपल्या पिल्लाच्या, युवीच्या डोळ्यांदेखत मारला जातो. मग युवी, त्याची आई बेगम, बजरंगी नावाचं माकड आणि बग्गा नावाचं अस्वल दिल्लीची वाट धरतात, संसदेपुढे गाऱ्हाणं मांडायला. ॲलेक्स नावाच्या पोपटाला माणसांची भाषा येते, म्हणून त्याला वकील करून सोबत नेतात. वाटेत गाणी, भांडणं, समेट. शेवटी गाऱ्हाणं ऐकलं जातं आणि जंगल वाचतं.

परीक्षणांत तेव्हा तीच तीच वाक्यं फिरून येत होती. ॲनिमेशन आपल्याकडच्या मानानं झकास आहे. कथा ‘लायन किंग’ आणि ‘मादागास्कर’च्या वळणानं जाते. संदेश चांगला आहे, जरा शिकवणीच्या सुरात आहे, पण पोरांना न्यायला हरकत नाही. शिवाय माकडाला गोविंदाचा आवाज कसा शोभला आणि पोपटाला अक्षय खन्नाचा कसा, ही चर्चा होतीच. यातलं खोटं काहीच नाही. पण हा बिबट्या बिबट्यासारखा आहे का, असं विचारलेलं एकही परीक्षण माझ्या वाचनात आलेलं नाही.

प्राणी जिथे बोलतात, गातात, संसदेत जातात, तिथे असलं विचारणं म्हणजे शुद्ध अरसिकपणा, असं कुणी म्हणेल. पंचतंत्रातला कोल्हा तरी कुठे कोल्ह्यासारखा वागतो? विजया मुळे यांची १९७४ची ‘एक अनेक और एकता’ आठवा. जाळ्यासकट उडणारे पक्षी पाहून कुणी पक्षिशास्त्राचं पुस्तक उघडलं नाही, आणि उघडूही नये. ती गोष्ट पक्ष्यांची नव्हतीच, आपली होती. पंचतंत्रातलाही कोल्हा राजाच्या दरबारातल्या माणसाबद्दल सांगतो, रानातल्या कोल्ह्याबद्दल नाही. ‘दिल्ली सफारी’चं तसं नाही. हा सिनेमा खऱ्याखुऱ्या जंगलातल्या खऱ्याखुऱ्या प्राण्याबद्दल बोलतो. जंगल तुटलं की बिबट्याचं काय होतं, त्याला काय हवं असतं आणि आपण काय केलं म्हणजे प्रश्न सुटतो, हे तो ठासून सांगतो. जो असं सांगतो त्याचं सांगणं तपासायला नको का? विनोद जमला की फसला हे आपण जसं तपासतो, तसंच.

सांगणं काय आहे? बिबट्याचं घर जंगल. ते माणसानं मोडलं म्हणून तो माणसांत आला. त्याचं घर त्याला परत द्या, मिटलं. हे फक्त सिनेमात नाही. शाळेच्या निबंधात हेच असतं, पुढाऱ्याच्या भाषणात हेच असतं, बिबट्या दिसल्याच्या बातमीच्या शेवटच्या परिच्छेदातही हेच असतं. वाचणाऱ्याला ते इतकं ओळखीचं झालंय की ते खरं आहे की नाही हा विचारच मनात येत नाही.

आता सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसा आणि खिडकीबाहेर बघा. बारडोलीच्या आगेमागे ऊसच ऊस आहे. सायण, चलथाण, बारडोली, मढी, महुवा, या पट्ट्यात सहकारी साखर कारखान्यांची रांगच लागलेली आहे. या उसात बिबटे राहतात. वाट चुकून आलेले नव्हे, राहणारे. गुजरातेत २०१६ला १,३९५ बिबटे मोजले गेले आणि २०२३ला २,२७४. उसात त्यांना आडोसा मिळतो, कालव्याचं पाणी मिळतं, गावाच्या कडेची कुत्री, डुकरं, शेळ्या मिळतात. मादी उसातच विते. तिच्या पिल्लांनी जंगल पाहिलेलंसुद्धा नसतं. ऊस हेच त्यांचं घर, आणि ते दर हंगामात आपणच कापून कारखान्याला घालतो. या बिबट्याला ‘घरी’ पाठवा म्हणणाऱ्यानं घर कुठलं ते आधी सांगावं.

महाराष्ट्रात हा धडा महागात पडून झालेला आहे. २००१च्या सुमारास जुन्नर भागात उसातले बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याचा सपाटा लागला. लोकांची मागणी होती, वनखात्याचा हेतू चांगला होता आणि डोक्यात तीच गोष्ट होती: जंगलातलं जनावर जंगलात गेलेलं बरं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशोब मांडला. त्याआधीच्या वर्षांत जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, बिबटे हलवायला लागल्यावर ते सरासरी १७वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं, पकडापकडीनं बिथरलेलं जनावर परतीच्या वाटेवर कुणाच्या अंगणात जाईल याचा नेम राहत नाही. आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. खुद्द मुंबईत २००४च्या जूनमध्ये बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती बिबट्याच्या हल्ल्यांत दहाच्या आसपास माणसं गेली. २०११ला तिथे वनखात्यानं ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. त्याचं सांगणं साधं होतं. बिबट्या दिसला म्हणून लगेच पिंजरा मागू नका, कचरा उचला, म्हणजे कुत्री कमी होतील, रात्री पोरांना एकटं सोडू नका.

तारखा शेजारी ठेवून बघा. ज्या जंगलाच्या काठावर वनखात्याची माणसं सोसायट्यांच्या दारोदार जाऊन ‘बिबट्या इथलाच आहे, इथेच राहणार आहे’ असं पटवून देत होती, त्याच जंगलाच्या नावानं वर्षभरात एक सिनेमा आला आणि म्हणाला, बिबट्या बेघर झालाय. एकाही परीक्षणकर्त्याला ही गाठ दिसू नये याचं मला अजून आश्चर्य वाटतं. बरं, ही माहिती कुठल्या कपाटात बंद नव्हती. वर्तमानपत्रांच्या शहरपानांवर ती छापून येत होती.

एक योगायोगही सांगायला हवा. ‘दिल्ली सफारी’त बेगमला, म्हणजे युवीच्या आईला, आवाज दिला तो ऊर्मिला मातोंडकरनं. त्याच ऊर्मिलानं दोन वर्षांनी, २०१४ला, सुजय डहाके यांच्या ‘आजोबा’ या मराठी सिनेमात बिबट्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधिकेचं काम केलं. ती भूमिका विद्या अत्रेय यांच्यावर बेतलेली आणि गोष्ट घडलेली. २००९ला नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक वयस्क नर बिबट्या वर काढला, त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा घातला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. तो तिथे थांबला नाही. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत, महामार्ग ओलांडत, कसारा स्टेशनावरून, खाडी पोहून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पोचला. वाटेत त्यानं कुणा माणसाला ओरखडाही काढला नाही. २०११च्या डिसेंबरात महामार्गावर गाडीखाली येऊन तो मेला.

‘आजोबा’ सिनेमा म्हणून मला तितकासा जमलेला वाटत नाही. तो रेंगाळतो, आणि संगणकावर केलेला बिबट्या अधूनमधून संगणकावर केल्यासारखाच दिसतो. पण त्यातला बिबट्या बिबट्या आहे. तो गाऱ्हाणं मांडत नाही, कुणाचा सूड घेत नाही, आपण आखलेली हद्द त्याला कळत नाही आणि कळून घ्यायची गरजही वाटत नाही. दोन्ही सिनेमांत जनावर लांबचा प्रवास करतं. एकात ते माणसाला काही सांगायला निघतं, दुसऱ्यात त्याला माणसाशी काही देणंघेणंच नाही. या दोन सिनेमांना एकमेकांशेजारी ठेवून कुणी चार ओळी लिहिल्या असत्या, तर त्या वर्षातलं ते सर्वांत उपयोगी परीक्षण ठरलं असतं.

आता सुरतेत याची झळ कुणाला लागते ते बघू.

दिवाळी झाली की धुळे, नंदुरबार, नाशिककडून आणि डांगातून ट्रक भरभरून माणसं बारडोलीच्या उसावर येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; हिशोब कोयत्यांनी होतो, मुकादमामार्फत उचल दिली जाते. यान ब्रेमन या डच अभ्यासकानं सत्तरच्या दशकापासून या खानदेशी तोडणीमजुरांवर लिहिलं आहे. सहकाराचं कौतुक ऐकून कान किटलेल्यांनी ते वाचावं. या मजुरांची वस्ती, म्हणजे पडाव, शेताच्या कडेला किंवा कारखान्याच्या आसपास पडतो. बांबूच्या कामट्या, वर पाचट किंवा प्लॅस्टिक, दाराच्या जागी पोतं. संडास नाही, दिवा नाही. पहाटे अंधारातच तोड सुरू होते. आई उसात, बाप उसात, आणि तान्ह्या पोराला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. ती पोरं शेताच्या बांधावर, कापलेल्या आणि उभ्या उसाच्या मधल्या पट्टीत दिवस काढतात. तोड जसजशी पुढे सरकते तसतसा बिबट्याचा आडोसा आक्रसत जातो आणि शेवटच्या चार सऱ्यांत जनावर आणि माणूस समोरासमोर येतात. हल्ला झाला तर तो बहुधा वाकलेल्या बाईवर किंवा पोरावर होतो. ओणवं बसलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही.

याच तोडीत पिल्लं सापडतात. दोन, कधी तीन, मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेली. मग काय होतं? गर्दी जमते, पिल्लं हातोहात फिरतात, फोटो निघतात, कुणी दूध पाजायला धावतं. बिचारी आईविना पोरकी झाली, असं सगळ्यांना मनापासून वाटतं. वाटणारच. पडद्यावर एकटं पिल्लू दिसलं की आई मेलेली किंवा हरवलेली असते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. प्रत्यक्षात मादी बहुतेक वेळा पलीकडच्याच शेतात दबून बसलेली असते आणि माणसं हटण्याची वाट बघत असते. जुन्नर भागात वनखात्याची आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातली मंडळी काय करतात? पिल्लं तपासतात, संध्याकाळी एका खोक्यात घालून सापडली त्याच जागेवर ठेवतात आणि लांब होतात. रात्रीतून आई येते आणि एकेक करून घेऊन जाते. पिल्लं उचलून नेली, तर मात्र तीच आई दोन-चार रात्री त्या वस्तीभोवती घिरट्या घालते, आणि त्या वस्तीत पोतं हेच दार असतं.

म्हणजे एकट्या पिल्लाला हात लावू नये, एवढी एक गोष्ट पोराला ठाऊक असणं हा इथे जीवनमरणाचा प्रश्न आहे. आपले पशुपट नेमकं उलट शिकवतात. सापडलेल्या पिल्लाला उचलणं, पोटाशी धरणं, घरी नेणं हा त्यांतला सर्वांत गोड प्रसंग असतो आणि परीक्षणात त्याला ‘हृद्य’ म्हणतात.

हे केवळ आपल्याकडचं नाही. डिस्नेचा ‘बॅम्बी’ १९४२ला आला तेव्हा अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी आरडाओरडा केला, की हा आमचा अपमान आहे. समीक्षक चित्रांवर, रंगांवर बोलले. १९४४ला तिथल्या वनखात्यानं वणवाविरोधी पोस्टरांसाठी वर्षभर बॅम्बी उसना घेतला. मुदत संपल्यावर स्वतःचं अस्वल उभं केलं, तो स्मोकी बेअर. पुढे कित्येक दशकं तिथल्या वन्यजीव अधिकाऱ्यांना हरणांची बेसुमार वाढलेली संख्या आटोक्यात आणायची म्हटलं की आडवा येतो तो बॅम्बीच. आणि गवतात निवांत पडलेलं हरणाचं पाडस ‘पोरकं’ समजून घरी आणू नका, अशी विनंती तिथली वनखाती आजही दर वसंतात करतात. त्या सिनेमाची चित्रकला थोरच होती. समीक्षकांनी तिला दाद दिली यात गैर काही नाही. पण गोष्टीतल्या रानाचा आणि खऱ्या रानाचा ताळा तेव्हा कुणी घातला नाही, आणि घालायची वेळ आली तेव्हा गोष्ट लोकांच्या अंगी मुरलेली होती.

इथे तोल सांभाळायला हवा. सिनेमा पाहिला की लोक लगेच तसंच वागतात, असं सिद्ध झालेलं नाही. ‘फाइंडिंग नीमो’मुळे विदूषक माशांची दुकानातली मागणी भडकली असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ‘फाइंडिंग डोरी’बाबत आकडे तपासले तेव्हा माशांची आयात वाढल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही, लोकांनी त्या माशाबद्दल इंटरनेटवर शोधाशोध मात्र जास्त केली. तेव्हा ‘दिल्ली सफारी’ पाहून बारडोलीत कुणी पिल्लू उचललं, असं मी म्हणत नाही. पडावावरच्या पोरांनी तो सिनेमा पाहिला असेल की नाही, कोण जाणे. पण त्यांच्या शेताचे मालक, तालुक्याचे पत्रकार, पिंजऱ्यासाठी अर्ज करणारे सरपंच, सुरतेतल्या फ्लॅटमध्ये बसून बातमीखाली प्रतिक्रिया लिहिणारे आपण, हे सगळे त्याच गोष्टींवर वाढलेले आहोत. वनखात्यावर दबाव येतो तो आपल्याकडून.

आणि या गोष्टीचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा भयंकर आहे. जनावराला तिनं एकच भूमिका दिलेली असते, निष्पाप बिचाऱ्याची. पोर दगावलं की ती भूमिका एका रात्रीत गळून पडते आणि उरते ती फक्त खलनायकाची. तिसरी भूमिका कुणी लिहूनच ठेवलेली नसते. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ बळी गेले, त्यांत लहान मुलं होती. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, महामार्ग अडवला, दिसेल तो बिबट्या मारा अशी मागणी झाली. ज्यांच्या घरातलं पोर गेलं त्यांच्या रागाला मी नावं ठेवणार नाही. त्यांना सल्ला देण्याचा अधिकार मला नाही. मी बोलतोय ते लांबून बघणाऱ्यांबद्दल. कालपर्यंत पिल्लाच्या व्हिडिओखाली बदाम टाकणारी तीच बोटं आज ‘गोळ्या घाला’ लिहितात. दोन्ही वेळा बिबट्याबद्दल त्यांना तितकंच ठाऊक असतं.

पडद्यावर जनावराबद्दल काय सांगितलं जातं यावर लक्ष ठेवणारं समीक्षकाखेरीज दुसरं कुणी आहे का? नाही, आणि असूही नये. सिनेमात खरं जनावर वापरायचं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्याकडून कामं करून घ्यायला बंदीच आहे. हे चांगलंच झालं. पण संगणकावर काढलेल्या बिबट्याला मंडळाचं काही देणंघेणं नाही. जनावराला इजा झाली नाही एवढं पाटीवर लिहिलं की झालं. जनावराबद्दल काय सांगितलं याचा तिथे संबंध नाही. सेन्सॉर बोर्ड भीती मोजतं. २०१६च्या ‘द जंगल बुक’ला यू/ए प्रमाणपत्र दिलं तेव्हा त्रिमितीत प्राणी अंगावर येतात, पोरं घाबरतील, असं कारण पुढे आलं आणि देशभर हशा झाला. आता २०२३च्या दुरुस्तीनंतर त्याच यूएचे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तुकडे झालेत. पोरगं किती घाबरेल याचा विचार करणारी आख्खी यंत्रणा आपल्याकडे आहे. खोट्या माहितीवर कात्री चालवणारं आणखी एक बोर्ड हवं, असं मी चुकूनही म्हणणार नाही. एक आहे तेच पुरे. पण मग उरतो तो समीक्षकच. आणि तो आवाज कुणाचा आहे, यावर लिहितोय.

हे आवाजाचं प्रकरण २०१९च्या ‘लायन किंग’पासून फारच बोकाळलं. मुफासाला शाहरुख खानचा आवाज, सिम्बाला त्याच्या मुलाचा, आर्यनचा. २०२४च्या ‘मुफासा’त धाकटा अबरामही आला. आपल्याकडची निम्मी परीक्षणं या कौटुंबिक मेळाव्यावर खर्ची पडली. इंग्रजी समीक्षकांनी निदान २०१९ला एक नेमकी तक्रार केली होती: सिंह इतके हुबेहूब काढलेत की त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटतच नाही. गुजरातेत बसून लिहिणाऱ्याला याहून पुढे जाता आलं असतं. आशियाई सिंहांचं जगातलं एकमेव रान इथे गीरमध्ये आहे. २०२५च्या गणनेत ८९१ सिंह मोजले गेले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक गीरच्या अभयारण्याबाहेर आहेत: आमराईत, शेतात, रेल्वेच्या रुळांपाशी. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ला काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवायला सांगितलं, ते अजून गेलेले नाहीत. कुनोत २०२२ला नामिबियाचे चित्ते मात्र आले. एका राज्यानं सिंह ‘आपला’ म्हणून धरून ठेवणं आणि पडद्यावर सिंहाला गादीचा वारस म्हणून मिरवणं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हा लेखाचा विषय होता. माझ्या पाहण्यात तो कुणी लिहिला नाही.

आपल्याकडे खऱ्या जनावराची गोष्ट सांगण्याची परंपरा नाही, असं म्हणायची सोय मराठी माणसाला नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी १९८२ला ‘सत्तांतर’ लिहिली. वानरांच्या टोळ्यांची कादंबरी. वानरांना नावं आहेत, हेवेदावे आहेत, सत्तेसाठी पिल्लं मारली जातात. तरी ती वानरं माणसं होत नाहीत, आणि वाचक एका ओळीतही कंटाळत नाही. साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला मिळाला तो काही प्राणिशास्त्रासाठी नव्हे. जनावर जनावर ठेवूनही गोष्ट रंगते, हे मराठीत चाळीस वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं आहे. पुण्यातल्या स्टुडिओनं केलेल्या सिनेमाला हे माप मराठी समीक्षकानं लावायला काय हरकत होती? त्याऐवजी आपण त्याला ‘मादागास्कर’चं माप लावलं, त्यात तो तोकडा पडला, आणि पुन्हा तसा प्रयत्न करायची हिंमत फार कुणाला झाली नाही. २०२५ला ‘महावतार नरसिंह’नं तिकीटबारीवर मोठा पैसा मिळवला. आता ॲनिमेशनला पुन्हा पैसा लागेल. आधी तो देवादिकांवर लागेल, पण वानरसेनेपासून माकडाच्या गोष्टीपर्यंतचं अंतर फारसं नाही. येत्या काही वर्षांत आपल्या पोरांपुढे देशी प्राण्यांचे पुष्कळ सिनेमे येणार आहेत आणि आपली परीक्षणं आहेत तिथेच आहेत.

लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोलीत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत. महानगरपालिकेच्या मराठी शाळा आहेत. इथलं पोरगं घरी अहिराणी बोलतं, रस्त्यावर गुजराती, आणि सिनेमा हिंदीत बघतं, कारण परदेशी ॲनिमेशनपट थिएटरात येतात ते हिंदी, तमिळ, तेलुगूत, मराठी-गुजरातीत नाही. त्याचा मामा किंवा काका दिवाळीनंतर बारडोलीच्या पडावावर उतरलेला असू शकतो. या घरासाठी सिनेमाचं परीक्षण कुणीच लिहीत नाही. ते मुंबईत बसून मुंबईसाठी लिहिलं जातं. मी आईबापांना दोष देत नाही. यंत्रमागाच्या बारा तासांच्या पाळीनंतर आठवड्याच्या सुट्टीत पोरांना घेऊन तिकिटांचे पैसे मोजणाऱ्या माणसाला ‘आधी बिबट्याचा अभ्यास करून ये’ असं सांगणं हा आगाऊपणा आहे. तो अभ्यास करायचे पैसे ज्याला मिळतात त्यानं करावा.

आणि तो फार नाही. प्रत्येक वर्तमानपत्रात जिल्ह्याच्या पानावर मांडवी-महुवाचा बातमीदार पिंजऱ्याची बातमी देतो, आणि पुरवणीत दुसरा कुणी शुक्रवारच्या सिनेमाला तारे देतो. दोन्ही पानं एकाच यंत्रावर छापली जातात. पुरवणीवाल्यानं परीक्षण लिहिण्याआधी बातमीदाराला एक फोन करावा आणि विचारावं, की तुझ्या तालुक्यात पिल्लू सापडलं तेव्हा लोकांनी काय केलं आणि वनपालानं काय सांगितलं. मग सिनेमातलं पोरगं काय करतं ते आठवून त्याच परिच्छेदात लिहावं, तारे देण्याच्या आधी.